आपल्या हाताचा घास

आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. आमचं घर वर्धा जिल्ह्यात कारंजा गावाजवळच्या खेड्यात, घरामागे आमचाच संत्र्याचा बगीचा, आणि भेटायला येणारा जो तो संत्र्याचीच पिशवी घेऊन यायचा. आमच्या झाडांवर मृगाचा बहार होता, फळ अजून हिरवंगार. लोकांचा आंबिया बहार पिकून उतरत होता, तो सगळा आमच्या खाटेखाली येऊन पडला. "बगीचावाल्याच्या घरी संत्रे कायले आणता, भाऊ?" असं मी एकाला तोंडावर विचारलं. तो बिचारा ओशाळला. पण त्या दिवसांत मी सगळ्यांवरच खेकसत होते.

खाटेवर आमचे हे होते. दसऱ्याच्या सुमाराला सकाळी बगीच्यात पाणी सोडायला गेले आणि पाटाच्या कडेलाच कोसळले. उजव्या अंगावरून वारं गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यात जीव वाचला, तिथला खर्च सरकारी कार्डावर झाला, आणि नाकात नळी घालून आम्हाला घरी पाठवलं. बोलणं गेलं होतं. उजवा हात लोंबत होता. घशातलं गिळण्याचं बळ गेलं होतं, म्हणून दूध, डाळीचं पाणी, औषधं, सगळं त्या नळीतून. डॉक्टरांनी मला आणि माझ्या मुलाला उभं करून बजावलं होतं, तोंडात काहीही द्यायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही, ते पोटात न जाता फुप्फुसात जाईल.

भेटायला आलेला माणूस नळीकडे बघायचा, मग माझ्याकडे. "तोंडानं काईच नाई?"

"नाई."

"अवं माय! इतका खाणारा माणूस!"

हे खरंच होतं. हे माणूस खाण्यावर जीव असलेलं. भरीत असलं की दोन भाकरी जास्त, पाटोडीचा रस्सा असला की वाटी तोंडाला लावायचे. मी त्यांना कधी प्रेमाचे चार शब्द बोलताना ऐकलं नाही, पण "आज बेसन चांगलं झालं" एवढं म्हटलं की माझा दिवस गोड व्हायचा. माणसं बायकोवर प्रेम कसं करतात ते मला ठाऊक नाही. आमचं सगळं ताटावरच चालायचं.

यांची मोठी बहीण आली. तिनंच यांना लहानपणी कडेवर खेळवलेलं. मी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले, तेवढ्यात तिनं संत्र्याची फोड सोलली आणि यांच्या ओठांत पिळली. भावाचे ओठ सुकले, एवढंच तिला दिसलं. यांनी चोखलं म्हणे, डोळे मिटून चोखलं. तिला वाटलं गिळलं. म्हणून दुसरी फोड पिळली. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं आणि छातीतून घरघर यायला लागली.

पुन्हा वर्धा. पुन्हा ऑक्सिजन. दवाखान्याच्या जिन्यात मी नणंदेवर एवढी ओरडले की खालचा वॉचमन वर आला.

"म्या काय जहर देल्लं का, वहिनी?" ती रडत म्हणाली. "दोन फोडी तं देल्ल्या!"

आमच्या घरात माया करायची म्हणजे भरवायचं. बाळंतिणीला भरवायचं, परीक्षेच्या पोराला भरवायचं, रुसलेल्या जावयाला भरवायचं. दुसरी रीत आम्हाला कुणी शिकवलेलीच नाही. तिचंही तेच झालं. पण मला तेव्हा हे सुचलं नाही, मी भांडतच राहिले.

हे त्यातून निघाले. डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. या वेळी आवाज कडक होता. ते म्हणाले, घरी नेऊन खाटेवर ठेवाल तर ही नळी कायमची राहील आणि अशीच एखादी फोड यांचा जीव घेईल. गिळायला शिकवावं लागतं, बसायला शिकवावं लागतं, चांगल्या हाताला काम शिकवावं लागतं. रोज, शिकलेल्या माणसांकडून. जे काही परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त येतं. मी विचारलं, हे कार्डात बसते का? काउंटरवर जाऊन आले. नाही बसत म्हणाले.

मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसले आणि ठरवलं. चालले नाहीत तरी चालेल. बोलले नाहीत तरी, जाऊ द्या, आधी तरी कुठं बोलायचे! पण या माणसानं ताटावर बसून आपल्या हातानं जेवलंच पाहिजे. नळीवर जगणारा माणूस मला नको होता. मला तो जेवताना पाहिजे होता.

यांना काही महिने पैसे देऊन शिकवणाऱ्यांकडे ठेवायचं म्हटलं, तशी घरी बैठक बसली. यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, मध्ये खुर्चीवर. आमच्यात भासऱ्यांशी थेट बोलत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं तर दाराआडून, पोराच्या तोंडून. तेही माझ्याशी तसेच बोलायचे.

"तुह्या मायले सांग," ते माझ्या मुलाला म्हणाले, "घरचा माणूस बाहेर पैसे देऊन ठेवत नाईत. घरात बायको हाय, सून हाय. लोक काय म्हणतीन? आमी मेलो का?"

मुलगा हिंगणघाटला सूतगिरणीत नोकरी करतो. तो माझ्याकडे बघायला लागला, मग काकांकडे, मग जमिनीकडे. मी दाराआडून बाहेर आले. पदर डोक्यावरच होता, तो काही मी काढला नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "घरीच तं होते. घरीच तं घशात संत्रं गेलं. तुमाले त्याईले जगवाचं हाय का लोकायले दाखवाचं हाय?"

मला वाटलं, आता भासरे उठून जातील. ते उठून गेलेच. जाताना पोराला म्हणाले, "पाह्यजो बापा, तुही माय आता कोनाचं आयकत नाई." मला राग आला आणि थोडं बरंही वाटलं.

मग शोधाशोध. आधी घरीच कुणी ठेवावं म्हणून एका नर्सिंग ब्युरोत फोन केला. त्यांनी ट्रेंड नर्स म्हणून एक पोरगा पाठवला, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी विचारलं, नळी निघाली तर घालता येते का? "पाहून घेईन, काकू." बेडसोअर होऊ नये म्हणून काय करशील? "पावडर लावीन." कुठं शिकला? तो मान खाजवायला लागला. चहा पाजला आणि परत पाठवला. आंघोळ घालायला, कूस बदलायला तो चांगलाच होता, पण मग त्यांनी तसं सांगून पाठवायचं ना! नर्स म्हणायचं आणि नर्सचे पैसे घ्यायचे, हे कुठलं?

मग नागपूरला पेशंट ठेवून घेणारी एक मोठी जागा बघितली. दारात कारंजं, आत सोफे, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. फोनवर त्यांनी सकाळी या म्हटलं होतं. मी मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेले. कुठल्याही घराचा खरा रंग जेवणाच्या वेळी कळतो. तिथं एक बाई वाटी घेऊन खाटाखाटांवरून फिरत होती आणि निजलेल्या माणसांच्या तोंडात भराभर चमचे कोंबत होती. एका आजोबांना ठसका लागला, तिनं पाठीवर थाप मारली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मॅनेजर मला टीव्ही दाखवत होता. मी म्हटलं, "टीव्ही आमच्या घरी हाय, भाऊ," आणि तशीच बस स्टँडवर आले.

वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला एका साध्या बंगल्यात एक सेंटर आहे असं दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं. तिथंही जेवणाच्या वेळेलाच धडकले. सगळे पेशंट पाठ सरळ करून बसवलेले. एक गृहस्थ वाकड्या हातानं चमचा तोंडाकडे नेत होते, अर्धं वरण बनियनवर सांडत होतं, आणि शेजारी उभी असलेली पोरगी हात मागे बांधून नुसती बघत होती. मला पहिल्यांदा रागच आला. पुसायला काय होतं हिला! मग माझ्या लक्षात आलं की ती त्यांना जेवू देत होती. जेवण संपायला वेळ लागला, पण ते त्यांनी संपवलं. मी तिथल्या मोठ्या मॅडमना भेटले. त्याच गिळण्याचं आणि हाताचं शिकवणाऱ्या.

खोदूनखोदून विचारलं. रात्री नर्स कोण असते, ती कुठं शिकलेली, डॉक्टर कधी येतात, सांगितलेल्या पैशात काय धरलंय आणि काय वेगळं. डायपर वेगळे, औषधं वेगळी, थेरपी धरलेली. मी म्हटलं हे सगळं लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. मग विचारलं, नळी निघेलच अशी खात्री देता का? मॅडम म्हणाल्या, "खात्री देणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका." मला बाई आवडली.

आता पैसा. मुलानं कर्ज काढतो म्हटलं. मी नको म्हटलं. त्याच्या पोरांची शाळा होती पुढे. झाडावर मृगाचा बहार होता. फळ पिकायला बरेच दिवस होते, आणि हिरव्या बहाराचा सौदा केला की भाव पडतो, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. थांबलो तर जास्त मिळाले असते. पण यांच्या घशाला थांबायला वेळ नव्हता.

व्यापारी आला. बगीचाभर फिरला, फांद्या उचलून पाहिल्या, तोंड वाकडं केलं. ते सगळेच करतात. मग ओट्यावर बसून म्हणाला, "मालक कुठी हायेत? सौदा त्याईच्यासंगच करतो मी."

"मालक नळीनं दूध पिऊन राह्यले," मी म्हटलं. "बोला."

त्यानं एक आकडा सांगितला. मी चहाचा कप त्याच्यासमोरून उचलला. खरंच उचलला, अर्धा भरलेला! तो हसला आणि थोडं वर आला. मी झाडांच्या ओळी ओळीनं सांगितल्या, कुठलं झाड किती लागलंय, कुठल्यावर डिंक्या रोग नाही. इतकी वर्षं यांच्या मागून डबा घेऊन फिरले होते, सगळा बगीचा पाठ होता. सौदा झाला. जितका व्हायला पाहिजे होता तितका नाही झाला, पण सेंटरचं निघेल इतका झाला. भासऱ्यांनी कुंपणापलीकडून सगळं पाहिलं.

मी सिंदी मेघेलाच सेंटरच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. स्टोव्ह, गादी, दोन भांडी. दिवसभर यांच्याजवळ, रात्री खोलीत. जेवण म्हणजे सकाळचं उरलेलं, जिथं वेळ मिळेल तिथं, उभ्यानं. थंड भाजीची मला सवयच झाली. यांचं होईपर्यंत माझा घास उतरायचा नाही.

मॅडमनी घशापासून सुरुवात केली. थंडगार चमचा जिभेवर लावायचा. जीभ बाहेर, आत, गालाला लावा. हनुवटी छातीकडे करा आणि नुसतं गिळा, काही नसताना गिळा. हे वैतागायचे. डाव्या हातानं मॅडमचा हात झटकायचे. मॅडम पुन्हा तेच. मग चमचाभर घट्ट केलेलं पाणी, आणि 'आ' करायला लावून मॅडम कान देऊन ऐकायच्या, आवाज ओला येतो का; ओला म्हणजे पाणी घशातच राहिलं. कितीतरी दिवस ओलाच येत होता. मी बाहेर जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन आत यायचे. देव पाण्यात ठेवायला माझ्याकडे तिथं देव नव्हते, नाहीतर तेही केलं असतं.

एका सकाळी आवाज कोरडा आला. दुसऱ्या दिवशीही. मग घट्ट दही, मग कुस्करलेलं केळं, मग मुगाचं घट्ट वरण. तपासण्या झाल्या आणि नळी निघाली. यांनी नाकाला हात लावून बघितलं, पुन्हा लावला. मी म्हटलं, "झालं! आता जेवा."

आणि इथं सगळं अडलं.

मॅडमनी वाटी समोर ठेवली, जाड दांड्याचा चमचा डाव्या हातात दिला. यांनी चमचा खाली ठेवला. पुन्हा दिला, पुन्हा ठेवला. तोंड मिटून घेतलं. मॅडमना कळेना. मला कळलं. आमच्या घरात डाव्या हातानं जेवत नाहीत. डावा हात कशाचा असतो ते कुणाला सांगायला नको. यांचा तर त्यावर भारी कटाक्ष. मुलगा लहानपणी डावरा होता, ताटावर डावा हात गेला की हे त्याच्या हातावर चापट मारायचे, अशा किती चापटा मारून त्याला उजव्यावर आणला. तो माणूस आता डाव्या हातानं अन्नाला कसा शिवणार! यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तू भरव म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "भरवलंत तर हे कायम तुमच्याच हातानं जेवतील. तुमचा हात थकला की उपाशी राहतील. आणि स्वतःच्या हातानं घेतलेला घास घशाला आधी कळतो, तो जास्त सांभाळून गिळला जातो. बघा तुम्ही."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. इतक्या महिन्यांनी माणूस तोंड उघडून बसलाय आणि मी भरवायचं नाही! पण मी हात मागे बांधले, त्या पोरीसारखे. दुपार गेली. संध्याकाळीही तेच. वाटी तशीच परत. मॅडम म्हणाल्या, एक दिवस पाहू, नाहीतर पुन्हा नळीचं बघावं लागेल. नळी म्हटल्याबरोबर माझं डोकंच फिरलं.

मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि यांना झापलं. लग्नानंतर पहिल्यांदा. "आयका," म्हटलं, "या डाव्या हातानं बैलाची वेसण धरली. याच हातानं पोराले पाळण्यात झोका देल्ला. तवा तो हात चांगला होता, अन् आता जेवाले वाईट झाला काय? उजवा झोपला तं डाव्यानं काय करावं, रडत बसावं? देवाले राग आला तं मले येऊन सांगू दे, मी पाहीन त्याचं. पण आता नळी तुमच्या नाकात पुन्हा गेली नाई पाह्यजे, सांगून ठेवतो!"

हे माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. मलाही आलं, पण मी उठले नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, चमचा डाव्या हातात घेतला, आणि कुणी बघत नाही असं समजून एक घास घेतला. मी खिडकीबाहेर बघितलं. तसंच रोज चाललं. भिंतीकडे तोंड करून, चोर चोरून जेवतो तसं. पण जेवले.

बहार तोडून व्यापारी गेला, थंडी गेली, आणि सौद्याचे पैसे संपायच्या आत मॅडमनी घरी सोडलं. काठी घेऊन, एकाला धरून, अंगणापर्यंत येतील इतके सुधारले होते. बोलण्याचं काही झालं नाही. ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी पुतणीचं, भासऱ्यांच्या मुलीचं, साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. सोयरे दूरचे, नव्यानंच जुळलेले. भासऱ्यांच्या अंगणात मांडव, पंगत खाली बसलेली, यांना एकट्याला खुर्ची आणि समोर स्टूल. पान वाढलं. वरण-भात मी घरूनच कालवून घट्ट करून आणला होता. आणि जाड दांड्याचा चमचा घरी फळीवर राहिला.

मी उठणार तोच भासरे मागे येऊन उभे राहिले. सोयऱ्यांची नजर आमच्याकडे होतीच. भासरे मुलाला हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मायले सांग, चार लोकात डावा हात नको. आजच्या दिवस तिनं भरवावं म्हणा."

आणि मी, सगळ्या जगाशी भांडलेली मी, मान खाली घालून यांच्या पानाजवळ बसले. काय झालं होतं मला, कुणास ठाऊक. मुलीचं लग्न जुळत होतं, नवे लोक होते, आणि सगळे बघत होते. मी वरण-भाताचा घास केला आणि यांच्या तोंडाजवळ नेला.

यांनी माझं मनगट बाजूला सारलं.

"हट!"

शब्द निघाला. स्पष्ट, पहिल्यासारखा, चांगला रागाचा. अख्खी पंगत थांबली, वाढणाऱ्याच्या हातात वरणाची बादली तशीच. यांनी कुणाकडे पाहिलं नाही, भिंत तर तिथं नव्हतीच. डावा हात सरळ पानात घातला, बोटांनी भात गोळा केला, हनुवटी छातीला लावली आणि गिळलं. मग दुसरा घास घेतला.

भासऱ्यांनी वाढणाऱ्याच्या हातून बादली घेतली, खुर्चीजवळ आले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलले.

"याले मी वाढतो. तुमी बसा आता जेवाले."

मी पंगतीत जागा बघून बसले. माझ्या पानावरची भाजी वाफाळत होती.